सबख्यावरची शिडाची गाडी

आमच्या कारखान्यात नवी प्रेस बसवायला एस्टोनियाहून एक बाई येणार असं कळलं, तेव्हा साहेबांनी तिची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. कारण एकच, देखभाल विभागात बाई म्हणून मी एकटीच. रुसैलमधला आमचा कारखाना अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी बनवतो. नवी प्रेस म्हणजे तापलेला धातू साच्यातून दाबून काढणारं खोलीएवढं धूड. ते बसून सुरळीत चालू होईपर्यंत ती बाई काही महिने मस्कतला राहणार होती.

ती आली. साठीच्या पुढची, उंच, पांढरेशुभ्र केस अगदी आखूड कापलेले. बोलायची मोजकं आणि काम करायची चोख. तिची एकच सवय सगळ्यांना विचित्र वाटायची. जेवणाच्या सुट्टीत सगळे एसीकडे धावत, तर ही शेडच्या बाहेर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी राही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "आमच्याकडे आता तळी गोठायला लागली असतील. मी इथे आहे. म्हणून निदान वारा बघते." तळी गोठण्याचा आणि वाऱ्याचा काय संबंध, हे मला कळलं नाही. पण तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिला एकदा घरचं जेवण दिलं पाहिजे.

घरी तेव्हा आई आली होती. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच नागपूर सोडून आमच्याकडे अल अमेरातला राहायला आली होती. मी आणि माझा नवरा सकाळी कामावर गेलो की आई दिवसभर एकटी. बाल्कनीत बसून समोरचे उघडेबोडके डोंगर बघायची आणि संध्याकाळी मला सांगायची, "तुमच्या इथे भूगोल अंगावर काही न घालता बसलाय." उभा जन्म तिने शाळेत भूगोल शिकवला होता. टुंड्रा, तैगा, हिमनदी, सगळं फळ्यावर काढून झालं होतं. प्रत्यक्षात मात्र तिने फ्रीजच्या बाहेर बर्फ पाहिला नव्हता.

पौर्णिमा होती म्हणून आईने खीर केली होती. पाहुणी आली, बुद्धमूर्तीसमोर क्षणभर मान झुकवून उभी राहिली आणि खुर्चीत बसली. मी ओळख करून देत होते, तेवढ्यात आईने आपल्या शाळेतल्या इंग्रजीत थेट विचारलं, "तुमचं तळं किती जाड गोठतं?"

पाहुणी चमकली. मग हाताचा पंजा आडवा धरून म्हणाली, "इतकं असलं, स्वच्छ आणि काळं असलं, तर एक माणूस चालू शकतो. आणि मी होडी काढते."

"होडी? गोठलेल्या तळ्यावर?"

मग जे उलगडलं ते असं. ती लहानपणापासून बर्फावरच्या होड्यांच्या शर्यतीत उतरायची. एका माणसाला आडवं झोपता येईल एवढी लाकडाची अरुंद होडी, खाली तीन पोलादी पात्या, वर शीड. शर्यत सुरू झाली की आपापली होडी ढकलत पळायचं, वेग आला की उडी मारून आत झोपायचं आणि शीड ओढून घ्यायचं. तिने फोनवर व्हिडिओ दाखवला. काळ्या काचेसारख्या तळ्यावरून पांढरी शिडं सुसाट चालली होती. पात्यांचा खरखराट फोनमधूनही ऐकू येत होता.

"या वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने जातात," पाहुणी म्हणाली.

आईने चष्मा काढला. वर्गात एखाद्याने थाप मारली की ती चष्मा काढायची. "वाराच ढकलतो ना? मग वाऱ्याच्या पुढे कशी जाईल?"

पाहुणीने टेबलावरचं संत्रं सोललं, ओली बी काढली आणि दोन बोटांत चिमटली. बी सट्‌कन उडून भिंतीवर आपटली. "बोटं किती हळू हलली? आणि बी?" ती म्हणाली. "वारा मागून ढकलत नाही. बाजूने येतो. वारा एक बोट, बर्फ दुसरं बोट. मी बी."

आईने स्वतः दोन-चार बिया उडवून बघितल्या. एक माझ्या खिरीत पडली. त्यानंतर त्या दोघींना माझी गरज उरली नाही. दोघींचंही इंग्रजी शिकून घेतलेलं, सावकाश आणि व्याकरणाला धरून. माझ्या भराभर बोलण्यापेक्षा त्यांना एकमेकींचं जास्त समजत होतं.

दुसऱ्यांदा पाहुणी आली तेव्हा आईने भीतीचा विषय काढला. बर्फ फुटला तर?

"म्हणून तर एकट्याने जायचंच नाही," पाहुणी म्हणाली. शर्यतीच्या आधी काही जण लोखंडी पहार घेऊन तळं ठोकत फिरतात. कुठे पातळ आहे, कुठे भेग आहे, तिथे फांद्या रोवून खूण करतात. ते नाही म्हणाले तर शर्यत नाही. कितीही मोठा शर्यतवाला असो, तिथे वाद घालत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात दोन टोकदार खिळे दोरीने अडकवलेले असतात. "पाण्यात पडलात तर पहिल्यांदा श्वास सांभाळायचा. मग ज्या बाजूने आलात त्या बाजूला तोंड फिरवायचं. पुढचा बर्फ कसा आहे माहीत नाही, पण मागच्याने तुम्हाला आत्ताच पेललंय."

आणि पुढचं दाखवायला ती सरळ आमच्या हॉलमध्ये पालथी झोपली. गालिचा म्हणजे बर्फ, फरशी म्हणजे पाणी. हातात खिळ्यांऐवजी आमचे जेवणाचे दोन काटे. गालिच्यात काटे रोवायचे, पाय बेडकासारखे मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. वर आल्यावर उभं राहायचं नाही. लोळत लांब जायचं.

"थांबा, मला नीट बघू दे," म्हणत आईने पदर खोचला आणि तिच्या शेजारी झोपली. मी नको नको म्हणत होते. तेवढ्यात दार उघडलं. माझा नवरा ऑफिसमधून आला होता, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. त्याने जमिनीवर हातपाय मारणाऱ्या सासूकडे पाहिलं, मग पाहुणीकडे, मग माझ्याकडे.

"बर्फातून बाहेर येतायत," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग मी हातपाय धुऊन येतो."

आई गालिच्यावर पोचली, लोळली, सोफ्याला टेकून उठून बसली. धापा टाकत तिने विचारलं, "आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं? धावायचं?"

पाहुणीचा चेहरा गंभीर झाला. "धावायचं नाही. कधीच नाही. मी लहान असताना वडिलांचा एक मित्र पाण्यात पडला आणि दुसरा धावत गेला. आता दोघं पाण्यात. वडिलांनी झोपून दोर टाकला, एकेकाला काढलं. दोघं वाचले. पण धावणाऱ्यावर वडील जितके ओरडले, तितके पडणाऱ्यावर ओरडले नाहीत."

हे सगळं गमतीतच राहिलं असतं, पण कारखान्यात मी पाहुणीचा व्हिडिओ एका ओमानी सहकाऱ्याला दाखवला. तो मनुष्यबळ विभागात आहे. त्याचं आजोळ महूतच्या पुढे, समुद्रकाठी. तो व्हिडिओ बघून म्हणाला, "असलं तळं आमच्याकडेही आहे. फक्त मिठाचं." त्याने फोनमध्ये फोटो काढून दाखवला. सपाट, पांढरं, क्षितिजापर्यंत. सबखा. वर मिठाची कडक खपली आणि खाली ओला चिखल.

पाहुणीने तो फोटो बोटांनी मोठा करत खूप वेळ बघितला. "किती कडक?"

"ट्रक जातात वरून," तो म्हणाला. "आणि ट्रक बुडतातही."

"कुठे जातात आणि कुठे बुडतात?"

"तेच तर विचारायचं असतं. माझ्या मामाला विचारू, इन्शाल्ला."

मामाने फोनवर वाट सांगितली आणि शुक्रवारी आम्ही सहकाऱ्याच्या गाडीतून गेलो. आईला घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. तो तिला आदराने 'मामा' म्हणायचा, अरबीत आईला तसं म्हणतात. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून बघितलं, कोण मामा आला म्हणून. नंतर तिला ते आवडायला लागलं. गाडी सबख्याकडे वळताच पाहुणीने आपला सीटबेल्ट सोडला, काच खाली केली आणि आम्हालाही तसंच करायला लावलं. तिच्याकडे गोठलेल्या समुद्रावरून रस्ते निघतात हिवाळ्यात, आणि त्यावर पट्टा लावून बसायला मनाई असते, म्हणे. गाडी खाली गेली तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून.

"हबीबी, मी रस्त्यावरच आहे अजून," आमचा सहकारी म्हणाला. पण त्यानेही पट्टा सोडला.

पाहुणी खाली उतरली. लोखंडी सळई घेऊन इथे ठोक, तिथे ठोक, कान देऊन ऐक. मिठाचे पापुद्रे जिथे पांढरे आणि खरखरीत होते तिथे आवाज टणक. खाडीकडे जमीन तपकिरी, मग काळपट आणि चकचकीत होत गेली, तिथे सळई न बोलता आत शिरली. ती परत आली तेव्हा डोळे पाणावले होते, पण हसत होती. "आमच्याकडेही असंच," ती म्हणाली. "जमीन रंगाने सांगते. बघायला हवं फक्त."

या मिठावर चालेल अशी शिडाची गाडी करायची, आणि ती कशी बनवायची, हे परतीच्या वाटेवर ठरून गेलं.

साहेबांनी भंगारातल्या नळ्या वापरायला परवानगी दिली. पात्यांच्या जागी तीन चाकं. चेसिसचं काम मी आणि पाहुणीने कामानंतर बसून केलं. माझ्या नोकरीत मी इतक्या मशीन्स दुरुस्त केल्यात, पण आपल्या हाताने एखादी गोष्ट शून्यातून उभी करण्याची ती पहिलीच वेळ. पुढचं चाक पायाने वळवायचं, शिडाचा दोर हातात. ब्रेक नाही. "ब्रेक कुठाय?" मी विचारलं होतं. "वारा," ती म्हणाली. दोर ढिला सोडला की शीड फडफडतं, गाडी थांबते.

शिडासाठी आम्ही मत्रहला गेलो. तिथे रत्नागिरीकडच्या एका चाचांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे. मी त्यांच्याकडून बाल्कनीचे पडदे शिवून घेतले होते. पाहुणीने कागदावर काढलेलं शीड त्यांनी उलटसुलट धरून बघितलं.

"होडी खंयची ताई? मत्रहची की सूरची?"

"होडी नाही चाचा. गाडी आहे. वाळवंटात चालवायची."

चाचांनी कागद खाली ठेवला. "काय सांगतेस गो बाय! सुक्यावर शीड?" मग पाहुणीकडे बघून मला हळूच विचारलं, "हिला ऊन तर नाय लागला?"

पण दुसऱ्या आठवड्यात शीड तयार होतं, दुहेरी शिलाई, कडेला पितळी कड्या. "मधे जरा पोट ठेवलाय," चाचा म्हणाले. "सपाट शीड मेलेला असता. वारा भरायला जागा हवी." पाहुणीने शिलाईवरून बोट फिरवलं आणि त्यांचा हात हातात घेऊन हलवत राहिली. चाचा लाजले.

वाऱ्याचा अंदाज बघून आम्ही निघालो. आम्ही दोघं, आई, पाहुणी आणि आमचा सहकारी. गाडी टपावर बांधलेली. सबख्यावर पोचल्यावर पाहुणी आणि सहकारी सळया घेऊन ठोकत निघाले. कडक भागाच्या कडेला पाण्याचे रिकामे कॅन ठेवून त्यावर माझ्या जुन्या लाल ओढण्या बांधल्या. ओढणीच्या पलीकडे कुणी जायचं नाही. पाहुणीने हे प्रत्येकाकडून तोंडाने वदवून घेतलं.

आणि वाराच नाही. आम्ही थालीपीठं खाल्ली, चहा प्यालो, आईने सर्वांना खारे वारे आणि मतलई वारे समजावले. जमीन तापली की समुद्रावरून वारा येणारच, ती म्हणाली, घाई कशाला करता. दुपार कलायच्या आधी एक ओढणी हलली. मग दुसरी.

पाहुणी हातमोजे घालून गाडी ढकलत पळाली. या वयात ती तशी पळेल असं मला वाटलं नव्हतं. उडी मारून झोपली, दोर ओढला आणि गाडी सुटली. मिठाचा चुरचुर आवाज लांब जात गेला. शीड हातरुमालाएवढं दिसायला लागलं, वळलं, आणि आमच्याकडे इतक्या वेगाने आलं की माझा नवरा दोन पावलं मागे सरला. आमच्यासमोर तिने दोर सोडला, गाडी अलगद थांबली. ती उठली नाही. आकाशाकडे बघत पडून राहिली, आणि एस्टोनियन भाषेत काहीतरी बोलत राहिली. आम्ही कुणी विचारलं नाही.

मग नवरा गेला, स्वतःभोवती गोल फिरला आणि म्हणाला की त्याला मजा आली, खलास, आता दुसऱ्यांनी जावं. मग मी. जमीन कानाजवळून पळते, दोरातून वारा सरळ हाताच्या स्नायूत शिरतो, आणि आपण ओरडतोय हे आपल्याला नंतर कळतं. एवढंच सांगता येईल.

"आता मी," आई म्हणाली.

"आई, गुडघे!"

"गुडघ्यांचं काय? झोपायचंच तर आहे."

मी पाहुणीकडे मदतीच्या आशेने बघितलं. पाहुणीने आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वारा बघितला आणि हेल्मेट आईच्या डोक्यावर ठेवलं. "दोन गोष्टी," ती म्हणाली. "पायाने वळवायचं. आणि भीती वाटली तर लीव्ह द शीट. बाकी काही करायचं नाही."

"यस. लीव्ह द शीट," आईने शहाण्या विद्यार्थिनीसारखं म्हणून दाखवलं.

इथे एक सांगायला हवं. शिडाचा दोर असतो त्याला ते लोक शीट म्हणतात, म्हणजे पाहुणी सांगत होती, दोर सोडून द्या. मला हे माहीत होतं, कारण मी गाडी बांधली होती. आईला कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या लेखी शीट म्हणजे चादर, आणि त्या गाडीवर चादरीसारखं जे दिसत होतं ते होतं शीड. शिडाला हात लावू नका, असा तिने अर्थ घेतला. आणि दोर घट्ट धरून ठेवला.

आम्ही ढकललं. गाडी निघाली. आईचं हसू आम्हाला ऐकू येत होतं, अगदी मोकळं, बाबा गेल्यापासून न ऐकलेलं. पलीकडच्या टोकाला ती वळेल म्हणून आम्ही बघत होतो. ती वळली नाही. वाऱ्याचा झोत वाढला होता.

"लीव्ह द शीट!" पाहुणी ओरडली. "टीचर! शीट!"

आईने काहीतरी उत्तर दिलं. नंतर तिने सांगितलं, ती म्हणत होती, "अहो, मी हातसुद्धा लावला नाही!"

दोन लाल ओढण्यांच्या बरोबर मधून गाडी पलीकडे गेली. पांढरी जमीन संपली, तपकिरी लागली. गाडीचा वेग अचानक मेला, पुढचं चाक खाली गेलं, डोलकाठी कलली आणि आई घरंगळून बाहेर पडली. ती उठून उभी राहिली. लगेच एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला तिने दुसऱ्यावर भार दिला, तर तो मांडीपर्यंत.

मी धावत सुटले. मला दुसरं काही सुचलंच नाही. ओढण्यांपाशी पाहुणीने मागून माझा कुडता धरला आणि इतक्या जोराने ओढलं की मी खाली बसले.

"दोघींना काढायचंय का मला?" तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. "झोप!"

मी झोपले. माझा नवरा आणि सहकारी गाडीतून दोर आणि चाकाखाली घालायच्या प्लायवुडच्या फळ्या घेऊन आले, तेही झोपले. आई चिखलात हात मारत होती आणि जितकं मारत होती तितकी खाली जात होती. पाहुणी फळीवर पोटाने सरकत पुढे गेली आणि वर्गात विचारावं तसं तिने ठणकावून विचारलं, "टीचर! कुठल्या बाजूने आलात?"

आई थांबली. मला ते अजून दिसतं. ती एकदम थांबली, मान वळवून तिने मिठावर उमटलेल्या आपल्याच चाकांच्या रेघा बघितल्या. मग ती सावकाश मागे रेलली, पाठ चिखलावर टेकली. पाय घाई न करता, थोडे थोडे हलवत सोडवले. एक निघाला. दुसरा निघाला, बूट आतच राहिला. मग ती पालथी झाली, तोंड रेघांकडे, आणि कोपरांवर सरकायला लागली. पाहुणीने दोर टाकला. पहिल्यांदा कमी पडला. दुसऱ्यांदा आईच्या हाताशी गेला. तिने तो काखेतून घेतला आणि आम्ही सगळे पडल्या पडल्या ओढायला लागलो.

ती पांढऱ्या मिठावर आली. आणि उभी न राहता लोळायला लागली. लोळतच राहिली. ओढण्यांच्या अलीकडे आली, आमच्या पुढून गेली, तरी लोळतेच आहे.

"आई, उठा आता," नवरा म्हणाला. "इथे कडक आहे जमीन."

"पाहुणी सांगेपर्यंत उठणार नाही," आई तोंडात मीठ घेऊन म्हणाली.

पाहुणीने सांगितलं. आई उठून बसली. हेल्मेटपासून मोज्यांपर्यंत काळा चिखल, त्यावर पांढरं मीठ. मी तिला मिठी मारून रडले. मनगटं, घोटे, पाठ, सगळं चाचपून बघितलं. काही झालं नव्हतं.

"काहून रडून राहिली बापा?" आई म्हणाली. नागपुरी तिला आनंद झाला की फुटते. "आधी गाडी काढा ती. बिचारी फसली तिकडे."

गाडी फळ्या टाकून काढली. शीटचा घोळ उलगडला तेव्हा पाहुणी जी हसायला लागली, ती मिठावरच मांडी घालून बसली. मराठीत या वस्तूला काय म्हणतात, तिने विचारलं. "दोर," आईने सांगितलं. तेव्हापासून आमच्यात तोच शब्द चालतो. सहकाऱ्याचे मामेभाऊसुद्धा आता 'दोर, दोर' ओरडतात.

संध्याकाळी आम्ही त्याच्या मामाच्या घरी गेलो. बायकांनी आईला थेट न्हाणीत नेलं आणि ती बाहेर आली ती पायघोळ हिरवा ओमानी झगा घालून, डोक्यावर जरीची ओढणी. घरच्या मामींना तिने सगळी हकीकत हातवारे करून मराठीत सांगितली. मामी अरबीत मधे मधे विचारत होत्या. कुठे हसायचं ते दोघींना बरोबर कळत होतं. खजूर आणि कावा, म्हणजे तिथली कॉफी, संपेपर्यंत गोष्ट दोनदा सांगून झाली, आणि दुसऱ्या वेळी चिखल कमरेपर्यंत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा गेली. माझी ना नव्हती, पण हेल्मेटचा पट्टा मी दोनदा ओढून बघितला. ती शिस्तीत पुढे गेली, ओढण्यांच्या बऱ्याच आधी पाय वळवले, परत आली, आणि आमच्यासमोर दोन्ही हात वर करून दोर सोडला. शीड फडफडलं. गाडी थांबली. मामाच्या घरचे सगळे बघायला आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेस सुरू झाल्यावर पाहुणी परत गेली. गाडी तिने आमच्याकडे ठेवली. ती आता समुद्रकाठच्या मामांच्या अंगणात असते. पुढच्या हिवाळ्यात आम्ही दुसरी बांधली, चाचांनी दुसरं शीड शिवलं, त्याला निळी किनार लावून. आता थंडीच्या दिवसांत आम्ही जमेल त्या शुक्रवारी शर्यत लावतो. मी बऱ्याचदा हरते, कारण वळणावर मला दोर सोडायचा मोह होतो. जमीन ठोकायचं काम मामांच्या सुनेने अंगावर घेतलंय. पाऊस पडून गेला असेल, किंवा उधाणाचं पाणी आत आलं असेल, की ती सरळ अरबीत 'ला', म्हणजे नाही, म्हणते. मग आम्ही कावा पिऊन घरी येतो. कुणी वाद घालत नाही.

आई नागपूरला आहे. तिच्या आणि पाहुणीच्या व्हिडिओ कॉलवर मला क्वचितच बोलावतात. गेल्या वर्षी पाहुणी उदास होती. हिवाळा आला तरी तळं नीट धरेना, वर नुसता शेणासारखा मऊ बर्फ. आता असे हिवाळे वाढलेत, ती म्हणाली. आई तिला रोज हवामान विचारायची. मग एका सकाळी पाहुणीने आम्हा दोघींना एकत्र फोन लावला आणि तो बर्फावर ठेवला. खोल कुठून तरी लांबलचक आवाज आला, मोठी तार कुणीतरी छेडावी तसा, आणि तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडे गेला.

"धरलं," पाहुणी म्हणाली. "स्वच्छ, काळं. पंजाभर."

पलीकडून, नागपुरातून, आईने तिला फोन पुन्हा एकदा बर्फावर ठेवायला लावला. मग तिने विचारलं, "विमानतळापासून किती लांब आहे हे तळं?"

या फेब्रुवारीत आम्ही दोघी जातोय. पाहुणी म्हणते, बर्फाने हो म्हटलं तर होडी, नाही म्हटलं तर तिच्या स्वयंपाकघरात बसून गप्पा. आईची दोन्हींना तयारी आहे. तिने सीताबर्डीहून लोकरीचे आतले कपडे आणले आणि बसतात का बघायला घालून संध्याकाळभर घरात वावरली. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांना तिने आत बसवलं, पंखा पाचवर केला, आणि एक संत्रं सोलायला घेतलं.